न भेटणाऱ्या रेषा समांतरच असतात का?

‘ज्या दोन रेषा एकमेकींना कधीच छेदत नाहीत, त्या समांतर’ अशी व्याख्या भूमितीच्या टिपणांतून सर्रास फिरते आहे. ती अपुरी आहे. तिच्यातून ‘एकाच प्रतलात’ (म्हणजे एकाच सपाट पृष्ठभागावर) हे शब्द गळले आहेत आणि सगळी मेख त्यांतच आहे. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने आपल्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडातील 23 व्या व्याख्येत ही अट स्पष्ट घातली होती.

एक खोका समोर ठेवा. वरची पुढची कड डावीकडून उजवीकडे जाते, तळाची डावी कड पुढून मागे. दोन्ही कितीही वाढवल्या तरी भेटणार नाहीत. पण त्यांना समांतर कोण म्हणेल? दोन्ही सामावतील असा एकही सपाट पृष्ठभाग सापडत नाही. घनाच्या 12 कडांपैकी कोणतीही एक घ्या: 3 कडा तिला समांतर, 4 तिला शिरोबिंदूत मिळणाऱ्या आणि उरलेल्या 4 या अशा, ना समांतर ना छेदणाऱ्या.

कागदावर सगळे एकाच प्रतलात असते, म्हणून ही चूक खपून जाते. तिथेही रेषाखंडांबाबत जपून: दोन रेषाखंड भेटत नाहीत एवढ्यावरून ते समांतर ठरत नाहीत, ते वाढवून पाहावे लागतात.