बोंब तेराव्याला

प्रोग्रामिंगमध्ये सगळ्यात अवघड काय, असं नवी पोरं विचारतात आणि एखाद्या भारदस्त अल्गोरिदमच्या आशेने कान टवकारतात. मी म्हणतो, तारीख. त्यांना वाटतं, सर चेष्टा करतायत.

कॉम्प्युटरच्या पोटात तारीख म्हणजे नुसता आकडा असतो. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद उलटले, बस्स. तिथवर सगळे सुखात. मग कुणीतरी म्हणतं, "माणसांना वाचता येईल अशी दाखवा की!" आणि घराचे वासे फिरतात.

तारीख कशी दाखवायची ते अक्षरांच्या खुणांनी सांगावं लागतं. जावा या प्रोग्रामिंग भाषेत कॅपिटल एम म्हणजे महिना, स्मॉल एम म्हणजे मिनिटं. पायथन या दुसऱ्या भाषेत बरोब्बर उलटं. गल्लत झाली तर एरर वगैरे काही येत नाही. पावतीवर पंचेचाळिसावा महिना छापून येतो आणि प्रोग्राम साळसूदपणे पुढच्या कामाला लागतो.

उलटा प्रवास, म्हणजे मजकुराची तारीख करणं, त्याहून भारी. ०३/०४ म्हणजे आपला ३ एप्रिल, अमेरिकन क्लायंटचा ४ मार्च. बारा तारखेपर्यंत दोघेही खूश, आत डेटा नासतोय. बोंब उठते ती तेराव्याला. जावाचं तारखा वाचायचं जुनं साधन, सिंपल-डेट-फॉरमॅट, तर तेव्हाही बोंबलत नाही. तेरावा महिना दिला की ते मुकाट पुढच्या वर्षीचा जानेवारी देतं. ३१ फेब्रुवारी द्या, ३ मार्च घ्या. इतकं समजूतदार माणूस सरकारी खिडकीवर का बसवत नाहीत?

पण खरा छळ जन्मतारखेचा. आपल्याकडची १५ ऑगस्टची मध्यरात्र जावास्क्रिप्टने, म्हणजे वेबपानांच्या भाषेने, आयएसओ या आंतरराष्ट्रीय पद्धतीत लिहिली, की ग्रिनिचच्या हिशेबाने ती १४ ऑगस्ट, १८:३० होते. साडेपाच तासांपायी अख्खा दिवस गेला.

"सर, फॉर्ममध्ये पंधरा टाकली, प्रोफाइलला चौदा दिसतेय," आमची टेस्टर.

"पुन्हा सेव्ह करून बघ."

"केलं सर. आता तेरा."

पोराला लवकर सज्ञान करायचं असेल तर सेव्ह दाबत राहा.

त्यात क्लायंटला तारीख मराठीतून हवी. दिली. मराठी लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, लावलं की आकडेही आपोआप देवनागरी येतात, मन भरून आलं. तीच तारीख परत वाचायला दिली तर पायथनने '१५' चे निमूट पंधरा केले. जावास्क्रिप्ट म्हणालं, 'नॉट अ नंबर'.

शेवटी मीटिंगमध्ये ठरलं, लोकांना तारीख टाइप करूच द्यायची नाही. दिवस, महिना, वर्ष, तीन ड्रॉपडाउन. सर्वानुमते मंजूर. डिसेंबर निवडला, तर आत अकरा गेले. जावास्क्रिप्टचा जानेवारी शून्य असतो.