नववा प्रश्न कोरा का राहिला

सोमवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन. “गुरुवारची डॉक्टरांची वेळ रद्द करतेय. ग्रुपवरचा मेसेज वाचलास ना?”

वाचला होता. वर ‘प्रत्येक आईवडिलांनी वाचाच’, खाली तीनदा हात जोडलेले आणि मध्ये पाच मुद्दे. डिप्रेशन हे नवं फॅड आहे. तापखोकल्याच्या डॉक्टरला मनातलं काय कळणार. मुलांना आत्महत्येबद्दल विचारलं की तोच विचार त्यांच्या डोक्यात शिरतो. हा सगळा गोळ्या खपवायचा डाव आहे, आणि त्या गोळ्यांनीच मुलं आत्महत्येकडे वळतात. आणि डिप्रेशन आधीच रोखता येतं ही शुद्ध थाप आहे.

एरवी असलं काही आलं की मी अंगठ्याने वर सरकवतो. पण माझी भाची सोळा वर्षांची आहे आणि तिची वेळ रद्द होणार होती. (तिला विचारूनच हे लिहितोय.) दोन महिने डोकं दुखतंय म्हणून ताई तिला नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी डोळे, रक्तदाब, रक्त सगळं पाहिलं, काही सापडलं नाही. मग त्यांनी तिच्या हातात एक कागद दिला. डिप्रेशनची लक्षणं तपासणारे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. झोप, भूक, थकवा, कशात मन लागतं का, स्वतःबद्दल वाईट वाटतं का. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. मेसेजचा सगळा राग या प्रश्नावर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

‘विचारलं की विचार शिरतो.’ ऐकायला पटतं, हाच त्यातला धोका. घरातले याच भीतीने गप्प बसतात आणि मूल समजतं की हे कुणाला सांगण्यासारखं नाही. ही भीती खरी की खोटी, हे कुणीतरी तपासून पाहिलं आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमध्ये २३४२ विद्यार्थ्यांवर हा अभ्यास झाला आणि २००५ साली तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. निम्म्यांच्या प्रश्नावलीत आत्महत्येचे प्रश्न घातले, निम्म्यांच्या नाही. कुणाच्या वाट्याला काय येणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलेलं. प्रश्नावली भरून झाल्यावर लगेच आणि पुन्हा दोन दिवसांनी पाहिलं, तर ज्यांना विचारलं होतं ती मुलं जास्त अस्वस्थ नव्हती आणि त्यांच्यात मरणाचे विचारही वाढलेले नव्हते. मेसेज लिहिणाऱ्याने पुढचं तर वाचायलाच हवं होतं. ज्या मुलांमध्ये आधीपासून डिप्रेशनची लक्षणं होती, ज्यांना विचारण्याची आपल्याला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, ती विचारल्यावर उलट कमी अस्वस्थ दिसली. कुणीतरी एकदाचं विचारलं, एवढ्यानेही ओझं हलकं होत असावं. हा शेवटचा अंदाज माझा, त्या अभ्यासाचा नाही.

आता भाचीचा कागद. आठ प्रश्नांवर पेनाने नीट गोल केलेले. नववा कोरा. मी ताईला विचारलं, “ती भरत होती तेव्हा तू कुठे होतीस?” “शेजारीच. काय लिहितेय बघायला नको?” आईचा चेहरा वीतभर अंतरावर असताना कोणती मुलगी त्या रकान्यात खूण करेल? म्हणून तर या वयाच्या मुलांशी बोलताना डॉक्टर थोडा वेळ आईवडिलांना बाहेर बसवतात. डॉक्टरांनी कोरी जागा पाहिली, कोऱ्याचा अर्थ ‘नाही’ असा धरला नाही, आणि गुरुवारी पुन्हा बोलावलं. तीच वेळ ताई रद्द करायला निघाली होती.

फॅडच्या मुद्द्यावर फार शाई घालवत नाही. पूर्वी हे नव्हतंच, तर ‘विहीर जवळ केली’ हा शब्दप्रयोग मराठीत कुठून आला?

तापखोकल्याच्या डॉक्टरचं म्हणाल, तर मूल आधी जातं कुणाकडे? ‘मला डिप्रेशन आलंय’ असं सांगत कुणी येत नाही. डोकं दुखतं, पोट दुखतं, झोप लागत नाही, चिडचिड होते. उदास दिसण्याऐवजी नुसतं चिडकं होणं तर या वयातल्या डिप्रेशनमध्ये नेहमीचंच. ही सगळी मुलं जातात नेहमीच्या डॉक्टरकडेच. १२ ते १८ वयाच्या मुलांची डिप्रेशनसाठी चाचणी करावी, अशी अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाची शिफारस आहे, २०२२ मध्ये त्यांनी ती पुन्हा केली. अर्थात चाचणी म्हणजे निदान नव्हे. गुण जास्त आले म्हणजे आजार ठरला असं नाही, पुढे नीट बोलून बघावंच लागतं. आणि कागद फाईलला लावून विसरून जाणारा डॉक्टर असेल, तर त्या कागदाचा उपयोग शून्य.

गोळ्यांबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे. नाइलाजाने मान्य करतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये मुलांच्या डिप्रेशनविरोधी औषधांवर काळ्या चौकटीतली इशारासूचना छापायला लावली, २००७ मध्ये ती २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवली. या औषधांच्या चाचण्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं गोळी घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के आणि तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत २ टक्के आढळलं होतं. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत मुलावर बारीक लक्ष ठेवायचं असतं. पण त्या चाचण्यांमध्ये एकाही मुलाने आत्महत्या केली नव्हती, हे वाक्य मेसेजमधून बरोबर गळलंय. आणि भाचीला गोळी दिलीच कुणी? कागद दिला होता.

राहिली ‘रोखता येतं ही थाप’. २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासात १३ ते १७ वयाची ३१६ मुलं घेतली, सगळ्यांच्या आई किंवा वडिलांना डिप्रेशन होतं किंवा होऊन गेलेलं. निम्म्यांना गटात बसवून आठ आठवडे, पुढे महिन्यातून एकदा, मनात येणारा निराश विचार पकडायचा, तपासायचा, त्याला दुसरं उत्तर शोधायचं, हे शिकवलं. एकही गोळी नाही. पुढच्या काळात या गटात २१.४ टक्के मुलांना डिप्रेशन आलं, दुसऱ्या गटात ३२.७ टक्के. सगळ्यांचं टळलं असं कुणीच म्हणत नाही. शिवाय ज्यांच्या आईला किंवा वडिलांना त्या वेळी स्वतःलाच डिप्रेशन होतं, त्या मुलांना फायदा झालाच नाही.

हे ताईला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे मलाही तो कागद भरायला सांगतील?” मी म्हटलं, “विचारून बघ.”

गुरुवारची वेळ कायम आहे. ताई बाहेर बसणार आहे. ग्रुपवर मेसेज अजून तसाच आहे, त्याखाली आणखी चार जणांनी हात जोडलेत.