मिशीतून शिरलेलं पाणी

सातवीत असताना मी 'मार्सेलिसची उडी' या विषयावर बोलून वक्तृत्व स्पर्धेची ढाल मिळवली होती. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मोरिया बोटीतून समुद्रात घेतलेली ती झेप सांगताना मी हात असे काही फेकले की परीक्षकांच्या टेबलावरचं तांब्या-भांडं कलंडलं. ती ढाल आमच्या कोथरूडच्या घरात अजून शोकेसमध्ये आहे. हिने तिची आठवण करून दिली ती थेट अंदमानच्या हॅवलॉक बेटावर, मी बोटीच्या शिडीच्या दुसऱ्या पायरीवर दहा मिनिटं उभा असताना. खाली पाणी कमरेएवढं होतं.

खरं तर पुण्याचा माणूस अंदमानला जातो तो सेल्युलर जेलसाठी. कोठडीसमोर डोळे पुसतो आणि आलोच आहोत तर समुद्रही बघून घेतो. मीही तेवढंच ठरवलं होतं. पण ही तीन वर्षं टिळक तलावावर पोहायला जाते, त्यामुळे तिला समुद्र नुसता बघायचा नव्हता. माझा जलक्रीडेशी संबंध इतकाच, की सीओईपी इंजिनीअरिंग कॉलेजची रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, मी मुळेच्या काठावर बसून पाहिली आहे आणि शेंगदाणे खाता खाता पोरांना 'अरे, डावीकडे घे' असे सल्लेही दिले आहेत.

आदल्या दिवशी खारफुटीच्या खाडीत कायक, म्हणजे वल्हवायची छोटी अरुंद होडी, होती. दोघांची. गाईड म्हणजे जेमतेम बावीस वर्षांचा बंगाली मुलगा. "जो भारी है, वो पीछे," तो म्हणाला. मी विचारात पडायच्या आत ही पुढे जाऊन बसली होती.

कायकमध्ये पुढच्याने ताल धरायचा आणि मागच्याने दिशा सांभाळायची. तीस वर्षं स्कूटरवर मी पुढे आणि ही मागे, सूचना मागून. इथे आसनं बदलली, सूचना तिच्याकडेच राहिल्या. "अहो, उजवीकडे!" आता उजवीकडे वळायचं तर वल्हं डावीकडे मारायचं, हे हातांना समजेपर्यंत आम्ही दोनदा तिवरांच्या मुळांत घुसलो. "कर्वे रोडला पण तुमचं हेच," असं ती मान न वळवता म्हणाली.

एक सोय मात्र होती. पुढच्याला मागचा दिसत नाही. मी हळूच वल्हं मांडीवर घेतलं आणि निसर्ग बघू लागलो. चिखलातून वर आलेली ती मुळं, त्यांवरचे खेकडे, सगळीकडे अशी शांतता की दुपारी जेवणानंतर आपल्या आळीत असते तशी.

"तुम्ही वल्हवताय ना?"

"म्हणजे काय!"

"मग माझ्या पाठीवर पाणी उडायचं का थांबलं?"

विषय बदलावा म्हणून मी गाईडला मगरींचं विचारलं. अंदमानच्या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातली मगर असते, हे मी वाचलं होतं. तो म्हणाला, "इधर नहीं है सर." त्यातल्या 'इधर'वर त्याने जरा जोर दिला. त्यानंतर हिच्या पाठीवरचं पाणी शेवटपर्यंत थांबलं नाही.

आता स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंड पाण्यात आणि श्वास नळीतून. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकून चोळायचं असतं. 'येथे थुंकू नये' वाचत लहानाचा मोठा झालेल्या माणसाकडे त्या क्षणी थुंकीच नसते. कसंबसं उरकून पाण्यात उतरलो, तोंड बुडवलं आणि मास्क नाकापर्यंत भरला. तीनदा. गाईडने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि निदान केलं: "सर, मूँछ."

मिशीच्या केसांमुळे मास्कची रबरी कड ओठावर नीट बसत नाही आणि तिथूनच पाणी आत येतं. उपाय दोन, वस्तरा नाहीतर व्हॅसलीन. कॉलेजपासूनची मिशी. मग संपूर्ण बोटीसमोर हिने माझ्या मिशीला, पुरणपोळीला तूप लावावं तसं सढळ हाताने व्हॅसलीन लावलं. एक लहान मुलगी आईला म्हणाली, "काकांना काय झालंय?"

शिवाय श्वास तोंडाने घ्यायचा. बागेतल्या योगवर्गात वर्षानुवर्षं 'नाकाने, नाकाने' ऐकलेलं. पहिली पाच मिनिटं मी नळीतून ज्या आवाजात श्वास घेत होतो, त्याने मासे दूर गेले असावेत.

मग एकदम ते दिसलं. निळा-हिरवा, चोच असलेला पोपटमासा, माझ्यापासून हातभर अंतरावर प्रवाळ कुरतडत होता. आणि त्याचा आवाज येत होता! अगदी शेजारी कुणीतरी चकली खात असल्यासारखा. मी श्वासाचं विसरलो, मिशीचं विसरलो. वर आल्यावर गाईडने सांगितलं की हा प्रवाळ खातो आणि मागून वाळू बाहेर टाकतो. इथली पांढरी वाळू बरीचशी त्याचीच. याच वाळूत आदल्या संध्याकाळी मी आडवा पडून फोटो काढून घेतले होते.

पाण्यात सगळं जवळजवळ एक तृतीयांशाने मोठं दिसतं, हेही त्यानेच सांगितलं. हे मी पुण्यात कुणाला सांगितलेलं नाही. इथे माझा मासा परातीएवढा आहे.

पण गाईडने व्हिडिओ काढला होता. रविवारी हिने तो टीव्हीला जोडला. माझी मेव्हणी, साडू, वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी, सगळे पोहे घेऊन बसलेले. पडद्यावर मी ट्यूबला दोन्ही हातांनी कवटाळून, डोळे मिटून किनाऱ्याकडे ओढला जातोय. आणि मागून त्या पोराचा आवाज, अत्यंत अदबशीर:

"सर, अब रेत है, खड़े हो जाइए. पानी घुटने तक ही है."