एटीकेटी लागली

घरातल्या मुलाला एटीकेटी लागणे हे संकट खरेच, परंतु एटीकेटी म्हणजे काय हे वडीलधाऱ्यांना समजावून सांगणे त्याहून कठीण असून, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ते काम माझ्या गळ्यात पडले. निकाल पुतण्याने आईला न दाखवता मला दाखवला, आणि मी वहिनींना ‘पुढच्या वर्षात गेला’ एवढेच सांगितले, जे अक्षरशः सत्य होते.

नानांचे तेवढ्यावर समाधान होईना. ‘पास की नापास’ या प्रश्नाला तिसरे उत्तर असू शकते, हेच त्यांना मान्य नाही.

“ही ‘अलाउड टू कीप टर्म्स’ची आद्याक्षरे,” मी म्हणालो. “काही विषय राहिले, तरी पुढची सत्रे राखण्याची मुभा.”

“राखायची म्हणजे? गुरे राखतात तशी?”

आता मला विलायत गाठणे भाग होते. ‘टर्म राखण्या’ची भाषा लंडनच्या बॅरिस्टर मंडळींत जुनी आहे आणि तिथे तिचा संबंध अभ्यासापेक्षा जेवणाशी अधिक. १८८८ साली तिकडे गेलेल्या गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे की, सनदेसाठी परीक्षांखेरीज बारा टर्म भराव्या लागत, आणि टर्म भरणे म्हणजे तिच्यातल्या सुमारे चोवीस खान्यांपैकी निदान सहा खान्यांना हजर राहणे. शिवाय चौघांमागे वाइनच्या दोन बाटल्या मिळत असल्यामुळे, न पिणाऱ्या गांधीजींना आपल्या चौकडीत ओढण्यासाठी इतरांची चढाओढ चाले. हे ऐकून नानांनी, आणखी एक पोळी वाढून घेणाऱ्या नातवाकडे बराच वेळ पाहिले.

मला विचाराल, तर या शब्दावर खरे उपकार मराठीने केले आहेत. नापास माणूस स्वतः होतो. एटीकेटी मात्र ठेच, उचकी किंवा नजर लागावी तशी लागते, त्यामुळे विद्यार्थ्याकडे दोष म्हणून काही उरतच नाही. गुजरातीत ती ‘येते’, आणि पाहुणी आल्याप्रमाणे तिची चौकशी गच्चीवरून मोठ्याने करता येते. शेजारच्या बेननी “एटीकेटी आवी?” असा पुकारा केला, तेव्हा वहिनी आमच्या गच्चीवर पापड वाळत घालत होत्या.

मी घाईघाईने मुभा, सत्रे आणि लंडन पुन्हा सुरू केले.

“गणितात ना? ते मला ठाऊकच होते,” वहिनी म्हणाल्या. “मेकॅनिक्सचे काय झाले, ते सांगा.”