आठशेचा रंग आणि चारशेचा कागद

उद्यमनगरातल्या पेंटरनं गाडीभोवती एक फेरी मारली, डाव्या दाराच्या खालच्या कडेला अंगठा दाबला, अंगठा आत गेला, आणि त्यानं 28 हजार सांगितले.

"अहो, अख्खी गाडी विकली तरी 45 यायचे नाहीत," मी म्हटलं.

"मग विका की," तो म्हणाला. "पण विकायची तरी आधी रंग मारायलाच पायजे."

या युक्तिवादाला कोल्हापुरात उत्तर नसतं. मी गाडी घेऊन घरी आलो.

गाडी म्हणजे मारुती 800, 2009 सालची, लाल. नोंदणीची 15 वर्षं भरत आली होती. पुढची पाच मिळवायची तर आरटीओत पासिंग करून घ्यायचं, पाच हजार फी भरायची, पर्यावरण कर निराळा. आणि पासिंगला गाडी 'जरा बरी दिसाय पायजे' असं भेटेल तो सांगत होता. बरी म्हणजे किती, ते कोणी सांगत नव्हतं. आमची तर टपावर आणि बॉनेटवर पार गुलाबी पडलेली. या साध्या लाल रंगावर क्लिअर कोट नसतो, ऊन थेट रंगालाच खातं. पांढऱ्या फडक्यानं पुसलं की फडकं लाल व्हायचं. बायको म्हणायची, "रोज पुसू नका, गाडी संपायची."

तेव्हा ठरवलं, ऑइलपेंट. खिडकीच्या गजांना मारतात तोच. गॅरेजचा रंग मारायला कॉम्प्रेसर लागतो, स्प्रेगन लागते, धूळ येणार नाही अशी जागा लागते. ऑइलपेंटला चार इंची फोमचा रोलर आणि टर्पेंटाइन पुरतं. तो हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश वाळतो, म्हणून रोलरच्या खुणा आपोआप बसायला त्याला सवड मिळते. पातळ करा, फिरवा, वाळू द्या, पुन्हा फिरवा. परदेशातल्या एका गृहस्थानं व्हिडिओत हे सगळं बारा मिनिटांत करून दाखवलं होतं, मध्ये कॉफीसुद्धा घेतली होती.

दुकानात लाल मागितला तर दुकानदारानं शेडकार्ड पुढं टाकलं. सरकारनं लाल रंगालासुद्धा नंबर देऊन ठेवलेत: फायर रेड 536, सिग्नल रेड 537, पोस्ट ऑफिस रेड 538. तिघांत मला काडीचा फरक दिसेना. रंगच बदलायचा झाला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरटीओची परवानगी लागते, पण आमच्या आरसीवर नुसतं 'रेड' लिहिलेलं, म्हणजे तिन्ही चालणार. पोस्टाचा घेतला तर गल्लीतली पोरं काचेतून पत्रं टाकतील, म्हणून सिग्नल रेड घेतला. लिटरभर रंग तीनशेच्या आसपास. 28 हजारातून तीनशे वजा करत मी इतक्या आनंदात घरी आलो की पॉलिश पेपरकडं लक्षच गेलं नाही.

रंगाचा डबा व्हरांड्यात तसाच राहिला. कारण त्याच्याआधी घासायचं असतं.

पॉलिश पेपरचं एक बरं असतं, नंबर जितका मोठा तितका कागद मऊ. गंजाला 120, लांबीला, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीला, 220, जुन्या रंगाला 400, तोही पाण्यात बुडवून. पुढं रंग मारून झाला की 800, मग 1000, 1500, 2000. जिन्यासारख्या या पायऱ्या चढत जायचं आणि एकही गाळायची नाही, गाळली की मागच्या कागदाचे ओरखडे नव्या रंगातून वर येतात. मी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन 400 नं टप घासायला बसलो. दहा मिनिटांत टपावरून लाल पाणी काचेवर, काचेवरून बॉनेटवर, तिथून फरशीवर आणि फरशीवरून गेटाखालून गल्लीत निघालं. समोरच्या वहिनी धावत आल्या आणि गाडी बघून जरा निराशच झाल्या. पुढं प्रायमरवर घासायला लागलो तेव्हा पाणी दुधाळ यायला लागलं. एका बाजूनं तांबडा, एका बाजूनं पांढरा, मटणाशिवाय गल्लीत ताट वाढून ठेवलं होतं.

त्या दिवसांत गल्लीतून जाणारा एकही माणूस थांबल्याशिवाय गेला नाही.

"गाडी धुताय?"

"नाही, रंग देतोय."

"घरात?"

"हो."

"सोता?"

मग तो माणूस गेट उघडून आत यायचा, खिशातून हात काढायचा, दारावरून तळवा फिरवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "अजून जरा घासाय पायजे." दूधवाला म्हणाला. गॅस सिलिंडरवाला म्हणाला. पोलिओचे डोस द्यायला आलेल्या ताईंनीसुद्धा जाता जाता पत्र्यावर बोट फिरवून मान हलवली. पूर्ण घासून झालंय असं कोणी म्हणालं असतं तर मी त्याला घरी जेवायला घातलं असतं.

डाव्या दाराखाली तर खाणच निघाली. मारुतीच्या दाराला खालून पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती चिखलानं बुजली की पावसाचं पाणी दारातच साठतं आणि पत्रा आतून खात राहतं. वरून रंग चांगला दिसतो, खाली पत्राच नसतो. मी गंज जितका घासला तितका पत्रा गेला. मग आतून पत्र्याचा तुकडा चिकटवला, वरून लांबी. लांबीत हार्डनर चिमूटभर घालायचा असतो. घट्ट व्हावी म्हणून मी हात सैल सोडला. ती पात्यावरच दगड झाली. माझं तोंड बघून बायको म्हणाली, "मी रिक्षानं जातो, तुम्ही घासा."

एव्हाना माझ्या बोटांचे ठसे गेले होते. फोन मला ओळखेना. रंगकामाच्या खर्चात हे कोणी धरत नाही.

काचा, दिवे, रबर झाकायला मास्किंग टेप आणि रद्दी. रद्दी आमच्या घरातल्या आप्पांच्या गठ्ठ्यातली. संध्याकाळी बघतो तर आप्पा चष्मा लावून, हात मागं बांधून गाडीभोवती सावकाश फिरतायत. मला वाटलं, काम तपासतायत. ते मागच्या काचेशी थांबले.

"हे पाटील गेले? कधी?"

"आप्पा, तो जुना पेपर आहे."

"मला कसं कळलं नाही?" असं म्हणून ते पुढच्या काचेकडं गेले, कारण बातमीचा उरलेला भाग तिकडं होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डाव्या मागच्या खिडकीवरचा कागद उलटा लावायला सांगितला. मागच्या बाजूला शब्दकोडं होतं.

शेवटी रंगाचं झाकण उघडलं. पहिला हात मारला आणि गाडी आधीपेक्षा वाईट दिसायला लागली. लाल रंग फार झाकत नाही, त्यातून पातळ केलेला. खालचा करडा प्रायमर, लांबीचे डाग, पेन्सिलीच्या खुणा, सगळं लाल पाण्याखाली दिसत होतं. इथं जाड मारायचा मोह होतो. जाड मारला की वर साय धरते, आत ओलं राहतं आणि उभ्या पत्र्यावर ओघळ येतात. पातळ हात द्यायचा, रात्र जाऊ द्यायची, पुन्हा पातळ हात. खर्च रंगाचा नव्हताच, थांबण्याचा होता, आणि तेवढी पुंजी आमच्या घराण्यात कोणाकडं नाही.

तिसऱ्या हाताला टप खरोखर लाल दिसायला लागला. मी चहा घ्यायला आत गेलो, बाहेर आलो, आणि ओल्या रंगावर काळे ठिपके. किडे म्हणावेत तर हलत नव्हते. बोट लावलं तर रेघ उमटली.

"राख हाय ती," कुंपणापलीकडून तात्या म्हणाले. "कारखान्याची. सूट मारला असंल."

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडं हवेत उसाच्या चिपाडाची राख असते हे मला माहीत होतं. दोरीवरच्या कपड्यांमुळं ते कोल्हापूरच्या आसपास सगळ्यांनाच माहीत असतं. पण बॉयलरच्या नळ्यांवर साठलेली काजळी वाफेचा झोत मारून झाडतात आणि तेव्हा एकदम भरपूर येते, हे ज्ञान तात्यांकडून. तात्यांची सगळी नोकरी बॉयलर हाऊसमध्ये गेली.

"शिफ्ट संपायच्या आधी मारत्यात," ते म्हणाले. "तीस वर्सं मीच मारत हुतो." अख्ख्या पंचक्रोशीचं धुणं तीस वर्षं काळं करणारा माणूस माझ्या शेजारी राहतो आणि दिवाळीला फराळ पाठवतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"आता काय करू?"

"वाळू दे. मग घास."

त्यानंतर माझं वेळापत्रक तात्यांच्या हाती गेलं. पहाटे राख कमी, पण पहाटे दव; ताज्या ऑइलपेंटवर दव पडलं की चकाकी मरते. दव सुकल्यापासून शिफ्ट सुटायच्या आधीपर्यंत जी फट उरते ती माझ्या ऑफिसची वेळ. रविवारी मात्र तात्या पहाटेपासून खुर्ची टाकून चिमणीकडं तोंड करून बसायचे. धूर काळवंडला की "झाक!" असं ओरडायचे. मी, बायको आणि आप्पा चादरीची तीन टोकं धरून धावायचो. चौथं टोक रंगाला लागायचं.

पुढच्या कोपऱ्यावर एक ओघळ राहिला होता. तो घासून मी वैतागून बाजारातला डबी-स्प्रे आणला, लालच. दाबल्याबरोबर सुंदर, एकसारखा, काचेसारखा रंग बसला. अर्ध्या मिनिटात तो आकसायला लागला. माझ्या डोळ्यांदेखत पत्र्यावर सुरकुत्या उठत गेल्या. उद्यमनगरातल्या त्याच पेंटरला फोन लावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "ऑइलवर एनसी, म्हंजे डबीतला लॅकर, मारत नसत्यात, मालक. त्येचं थिनर जहाल असतंय, खालचं उचलतंय. एनसीवर ऑइल चालतंय."

"मग आता?"

"आता काय? घासा." मग थोडं थांबून म्हणाला, "28 तवाचं हुतं. आता ऑइल काढायचं म्हटल्यावर 35."

गाडी अखेर झाली, आणि बरी झाली. संध्याकाळच्या उन्हात, रस्त्याच्या पलीकडून बघितली तर नवी वाटते. जवळून टपावर राख दिसते, पण टप बघायला वर चढतंय कोण? डब्यात थोडा रंग उरला होता. फेकवेना. बॉनेट उघडून इंजिनमागच्या पत्र्यावर तो सगळा मारून टाकला, जाड, एका हातात, न घासता. सबंध गाडीत सगळ्यात गुळगुळीत जागा तीच. तात्यांनी ती बघायला दोन पाहुणे आणले.

पासिंगच्या दिवशी एजंटानं बॉनेट उघडलं, एका हातात चिकटपट्टी, एका हातात पेन्सिल. चासी नंबरचा छाप घ्यायचा असतो, आणि 800 चा नंबर इंजिनमागच्या पत्र्यावरच ठोकलेला असतो. एजंटानं पेन्सिल घासली. लालच आलं. पुन्हा घासली.

साहेब आले. आरसीवर बघितलं: रेड. गाडीकडं बघितलं, काही बोलले नाहीत, टिक केली. मग वाकून त्या गुळगुळीत जागेवरून त्यांनी तळवा फिरवला, डोळे बारीक केले, आणि ते काय म्हणणार ते मला त्यांच्याआधी कळलं.

एजंटानं खिशातून पॉलिश पेपरची घडी काढली. मी नंबर बघितला. 220.

"हा नको," मी म्हटलं. "ओरखडे पडतील." आणि माझ्या खिशातला 400 काढून डिकीतली पाण्याची बाटली आणायला गेलो.