इटलीत जा, पिझ्झा खा, फुटबॉल खेळा म्हणे!

पंधरा दिवसांत तो फॉरवर्ड मला चार ग्रुपवर आलाय, कॉलेजच्या ग्रुपवर तर दोनदा. मजकूर साधारण असा की एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या (तो हेल्मेट घालून, बॉल हातात घेऊन खेळतात तो) अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, नंबर लागला नाही तर अमेरिकन पोरं सरळ इटलीत जातात, तिथले क्लब घर, गाडी, जेवण आणि तगडा पगार देतात, लोकल पोरं एकदम कच्ची त्यामुळे कोणीही गेला तरी हिरो, आठवड्याला एक मॅच, बाकी दिवस युरोप फिरा आणि वर इटालियन पासपोर्ट. खाली आमच्यातल्याच एकाने लिहिलंय, "आपण उगाच इंजिनीअरिंग केलं."

मी मिलानमध्ये राहतो, पाच वर्षं झाली. आणि गेले दोन सीझन आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर असाच एक अमेरिकन क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीमचा खेळ चालवणारा गडी, येऊन राहतोय. क्लबचं नाव सांगत नाही, गरजही नाही. पण बाल्कनीत त्याचे शोल्डर पॅड वाळत घातलेले रोज दिसतात (समोरच्या आजींना वर्षभर वाटत होतं की तो मोटारसायकल रेसर आहे), म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकतो.

आधी पगार. इटलीत कायद्याने प्रोफेशनल धरलेले खेळ मोजकेच आहेत, सॉकर, बास्केटबॉल, सायकलिंग, गोल्फ वगैरे. हेल्मेटवाला फुटबॉल त्यात नाहीच, तो हौशी खेळात मोडतो. त्यामुळे क्लब देतो काय, तर विमानाचं तिकीट, सीझनपुरती राहायची जागा आणि महिन्याला काहीशे युरो हातखर्चाला. एनएफएलमध्ये २०२५ साली अगदी नवख्याचा वर्षाचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता, तो आकडा बघून इथलाही तसाच असेल असं लोक धरून चालतात. घर म्हणजे आमच्या शेजाऱ्याचे दोन खोल्यांचे, तेही टीममधल्या दुसऱ्या अमेरिकनसोबत शेअर. गाडी दोघांत एक, एका दाराची काच वर होत नाही. आपल्याकडचे क्रिकेटर उन्हाळ्यात इंग्लंडला क्लब क्रिकेट खेळायला जायचे ना, तसलाच प्रकार समजा, आणि त्यांच्यासारखंच पोरांना शिकवायचं कामही त्यातच आलं.

म्हणजे "आठवड्याला एक मॅच, बाकी दिवस फिरा" हेही गेलं. मार्चपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत सीझन. दिवसा जिम, मग समोरच्या टीमचे व्हिडिओ कापून बघायचे, संध्याकाळी ज्युनिअर पोरांचं कोचिंग, आणि सीनियर टीमची प्रॅक्टिस रात्री नऊला, कारण बाकी सगळे नोकऱ्या करून येतात. गडी साडेअकराला जिना चढताना ऐकू येतो. दोन सीझनमध्ये तो व्हेनिसला एकदा गेला, तेही बोल्झानोची मॅच पावसाने चिखल झालेल्या मैदानावर हरून परत येताना, पाच तास.

आता मला खरा राग आलाय तो "लोकल पोरं कच्ची" ह्या वाक्याचा. मिलानमध्ये विगोरेल्ली म्हणून जुनं सायकलिंगचं स्टेडियम आहे, लाकडी ट्रॅकवालं, १९६५ मध्ये बीटल्सचा शो झाला होता तिथे, तर त्या ट्रॅकच्या मधल्या मैदानावर फुटबॉल चालतो. मी गेलो होतो बघायला. बॉल पायांमधून मागे देणारा जो सेंटर असतो, तो बघतो तर काय, आमच्या ऑफिसजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातला दाढीवाला! सकाळी मला नळाचा वॉशर देतो आणि रविवारी सव्वाशे किलोच्या माणसाला छातीने अडवतो, आणि हे सगळं करायला क्लबला वर्गणी भरतो, स्वतःचं हेल्मेट स्वतःच्या पैशांनी घेतो. आता गंमत अशी की अमेरिकन किती खेळवायचे ह्याला लीगमध्ये लिमिट आहे, त्यामुळे क्लब ते मोजके अमेरिकन क्वार्टरबॅकसारख्या जागी वापरतात आणि त्याच्या पुढची भिंत सगळी इटालियन. म्हणजे हा "हिरो" उभा राहतो तो त्या वॉशरवाल्याच्या जिवावर. भिंत पडली की हिरो आडवा. पहिल्या वर्षी आमचा शेजारी चार आठवडे बरगड्या धरून हिंडत होता, कारण प्लेबुकचे, म्हणजे ठरवून ठेवलेल्या चालींचे, सिग्नल त्याने कॉलेजमधलेच आणले होते आणि पुढच्यांना ते कळेपर्यंत समोरचे अंगावर येत होते. मग त्यानेच सिग्नल कमी केले, निम्मे इटालियनमध्ये केले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आणि कच्ची म्हणजे किती कच्ची? ऑक्टोबर २०२१ मध्ये इटलीने माल्मोला जाऊन स्वीडनला त्यांच्याच घरात ४१-१४ हरवलं आणि युरोपियन चॅम्पियन झाले. त्याआधी १९८३ आणि १९८७ मध्येही झालेत. हो, २०२१ च्या टीमचा क्वार्टरबॅक अमेरिकेत वाढलेला होता, ते मान्य, पण पुन्हा तेच, एकटा क्वार्टरबॅक काय करणार? बेर्गामोच्या लायन्सनी २०००, २००१, २००२ अशी लागोपाठ तीन वर्षं युरोबोल, म्हणजे युरोपातल्या क्लबांची चॅम्पियनशिप, घेतली. उत्तर इटलीतल्या साउथ टायरॉलचा मॅक्स पिर्खर २०२१ मध्ये परदेशी खेळाडूंच्या प्रोग्रॅममधून थेट एनएफएलच्या रॅम्स टीमकडे गेला. इटालियन बोल, म्हणजे इथली फायनल, १९८१ पासून आहे. आणि इटलीच्या मातीने हा खेळ त्याच्याही आधी पाहिलाय, १ जानेवारी १९४५ ला, युद्ध चालू असताना, फ्लॉरेन्सला अमेरिकन सैनिकांनी आपापसात मॅच खेळली होती, नाव ठेवलं स्पॅगेटी बोल.

पासपोर्टचं तर विचारूच नका. युरोपबाहेरच्या माणसाला इथे साधारण दहा वर्षं कायदेशीर राहिल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, २०२५ मध्ये हे पाच वर्षांवर आणायचं सार्वमत झालं, पुरेसं मतदानच झालं नाही. पूर्वी पणजोबा-खापरपणजोबा इटालियन निघाले तरी चालायचं, ते २०२५ च्या कायद्याने आईवडील आणि आजीआजोबांवर आणून ठेवलं. खेळून पासपोर्ट मिळत नाही, उलट आधीच पासपोर्ट असलेला अमेरिकन क्लबना जास्त आवडतो, व्हिसाची कटकट नाही ना. बाकीच्यांना खेळाचा व्हिसा, आणि आल्यावर आठ कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज. मीच गेलो होतो शेजाऱ्यासोबत पोस्टात, हो, हा अर्ज पोस्टात द्यायचा असतो, पिवळ्या पट्टीचं पाकीट मिळतं, आतल्या अर्जावर १६ युरोचा स्टॅम्प. सहा फूट तीनचा गडी टोकन धरून पेन्शनवाल्या आजोबांच्या रांगेत दीड तास उभा, आणि खिडकीशी पोचल्यावर बाई म्हणाल्या, पासपोर्टच्या कोऱ्या पानांचीही झेरॉक्स लागेल. तेव्हाचा त्याचा चेहरा कोणीतरी फॉरवर्ड करायला हवा होता.

राहिला पिझ्झा. तो मात्र खरा आहे. क्लबला स्पॉन्सर करणारं एक छोटं हॉटेल आहे, तिथे त्याला रात्रीचं जेवण फुकट. फक्त सोमवारी ते बंद असतं, म्हणून सोमवारी तो आमच्याकडे खिचडी खातो, लोणचं मागून मागून.