गप्प राहिलेले ठिपके: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

पेप्टाइड चिपवरच्या माझ्या लेखावर तुम्ही घेतलेल्या आक्षेपांचं हे उत्तर. पेप्टाइड चिप म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे (पेप्टाइड) ठिपक्यांसारखे छापलेली काच. तिच्यावर किनेज, म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट जोडणारं एन्झाइम, सोडायचं. ज्या तुकड्यावर फॉस्फेट जोडला जातो तो ठिपका उजळतो. उत्तराला आठवडा लागला, कारण तुमचा एक आक्षेप मला मान्य आहे आणि त्यापायी लेखातलं एक वाक्य बदलावं लागलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: काचेवर चिकटवलेला १५ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे प्रथिन नव्हे, त्यावर किनेजने फॉस्फेट जोडला म्हणून पेशीतही तेच घडतं असं सांगणं ही दिशाभूल आहे, आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंचं वस्तुमान मोजून ते ओळखण्याचं तंत्र) असताना हा खटाटोप कशाला?

‘सबस्ट्रेट (किनेज ज्यावर फॉस्फेट जोडतं ते प्रथिन) सापडला’ असं मी लिहिलं होतं. तिथे ‘संभाव्य सबस्ट्रेट’ हवं होतं, आता तसं केलं आहे. उजळलेला ठिपका एवढंच सांगतो की हे किनेज या क्रमावर फॉस्फेट जोडू शकतं. पेशीत ते किनेज आणि ते प्रथिन एका वेळी एका जागी येतात का, हे काचेला कुठून कळणार?

पण तुमचा सगळा रोख उजळलेल्या ठिपक्यांवर आहे आणि मला जास्त धास्ती वाटते ती गप्प राहिलेल्यांची. उजळलेल्यांची आपण निदान पुढे तपासणी करतो, न उजळलेले यादीतूनच गळतात. ग्लायकोजेन सिंथेज किनेज-३ घ्या. ज्या प्रथिनावरून त्याला नाव मिळालं, त्या ग्लायकोजेन सिंथेजचा तुकडा साधाच छापला, तर हे किनेज त्याच्याकडे जवळपास ढुंकूनही बघत नाही. त्याला चार घरं पुढच्या सेरिनवर (ज्यावर फॉस्फेट बसू शकतो असं एक अमिनो आम्ल) आधीच बसलेला फॉस्फेट लागतो. पेशीत तो पहिला फॉस्फेट ६५६व्या सेरिनवर केसीन किनेज-२ बसवतं. मग ग्लायकोजेन सिंथेज किनेज-३ तिथून मागे सरकत ६५२, ६४८, ६४४, ६४० असं एकेक सेरिन घेत जातं. चिपवरचं मौन वाचून ‘संबंध नाही’ असं लिहिणारा माणूस इथे साफ चुकेल.

यावर चिपपाशीच उपाय आहे. त्या जागी फॉस्फोसेरिन (फॉस्फेट आधीच बसलेलं सेरिन) घालून पेप्टाइड बनवा आणि तो साध्या तुकड्याशेजारी छापा. हवं ते अक्षर, म्हणजे अमिनो आम्ल, हव्या त्या जागी बसवून बघण्याची ही मोकळीक मला या तंत्रात सगळ्यात मोलाची वाटते.

एका ठिकाणी मात्र हा उपाय लागू पडत नाही. ईआरकेसारखी किनेजेस प्रथिनाला धरतात एका जागी आणि फॉस्फेट जोडतात दुसरीकडे, कधी कधी बऱ्याच लांब. १५ अक्षरांच्या तुकड्यात ती पकडच येत नाही. तिथे अख्खं प्रथिन घ्यावंच लागतं. यीस्टची प्रथिनं काचेवर मांडून ८७ किनेजेस तपासल्याचं काम २००५ साली प्रसिद्ध झालं. त्यात चार हजारांवर फॉस्फोरिलेशनच्या नोंदी मिळाल्या. अर्थात ती प्रथिनंही काचेवरच होती, तेव्हा तुमचा आक्षेप तिथेही उरतोच.

आता मास स्पेक्ट्रोमेट्री. पेशीत कोणत्या सेरिनवर फॉस्फेट आहे हे ती उत्तम सांगते, पण तो कोणी बसवला हे त्या फॉस्फेटवर लिहिलेलं नसतं. २००२च्या मोजणीप्रमाणे माणसात ५१८ किनेजेस आहेत. एकाला औषधाने रोखलं आणि फॉस्फेट कमी झाला, तरी ते काम त्याचंच होतं की त्याच्या हुकमाने चालणाऱ्या दुसऱ्या किनेजचं, हा प्रश्न तसाच राहतो. २०२३ साली ३०३ सेरिन-थ्रिओनिन किनेजेसची आवडनिवड पेप्टाइडांच्या संचांवर तपासून प्रसिद्ध झाली, ती मास स्पेक्ट्रोमेट्रीत दिसलेल्या जागांचे कर्ते ओळखायला उपयोगी पडावी म्हणूनच. तुम्ही या दोन तंत्रांना एकमेकांसमोर उभं केलंत, मला ती एकाच शोधाची दोन टोकं वाटतात.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत पण विचारायला हवी होती. ठिपका उजळला तो आपल्याच किनेजमुळे कशावरून? प्रथिन किनेज ए असेल तर मी केम्प्टाइड हे सात अमिनो आम्लांचं ओळखीचं पेप्टाइड छापते आणि शेजारी सेरिनच्या जागी, फॉस्फेट न घेणारं अ‍ॅलानिन घातलेलं त्याचंच जुळं. दुसरा उजळला तर काचेवरच काहीतरी नुसतं चिकटतं आहे. शिवाय उत्परिवर्तनाने निकामी केलेलं किनेज त्याच पद्धतीने शुद्ध करून दुसऱ्या काचेवर सोडायचं. एकदा माझ्या त्या निकामी किनेजनेही अकरा ठिपके उजळवले. शुद्धीकरणात भलतंच किनेज सोबत आलं होतं. दोन महिन्यांचे निकाल मी बाजूला ठेवले आणि तेव्हापासून ही काच वगळून एकही प्रयोग केलेला नाही.

तुम्ही बोट ठेवलेल्या तिसऱ्या चित्रातल्या ठिपक्याची अ‍ॅलानिन-जोडी आणि निकामी किनेजची काच, दोन्ही चित्रं लेखात जोडली आहेत. दोन्हीकडे तो ठिपका काळा आहे. अख्ख्या प्रथिनावरचा प्रयोग अजून व्हायचा आहे. तो होईपर्यंत त्या प्रथिनाचं नाव ‘संभाव्य’ याच रकान्यात राहील.